परदेशी शिकायला जायचंय? आधी माळ्यावरची कागदांची पिशवी काढा

जीआरई किंवा आयईएलटीएसचा क्लास लावण्याआधी घरातली कागदांची पिशवी माळ्यावरून खाली काढा. खरेदीखत, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वडिलांच्या एलआयसीच्या पॉलिसी, सगळं फरशीवर मांडा. मी सरकारी बँकेत कर्जांचं काम बघायचे. विटा, कराड, सांगली असं फिरत शेवटी पुण्यात निवृत्त झाले. आजही ओळखीतली मुलं फायली घेऊन घरी येतात. त्यांचं ऑफर लेटर बहुधा चोख असतं. अडतं कुठे, तर उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव अजून तसंच असतं तिथे.

विद्यापीठ कसं निवडावं, एसओपी, म्हणजे प्रवेश का हवा ते सांगणारं निवेदन, कसा लिहावा हे सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यातलं मला फारसं कळत नाही. मला कर्ज कळतं. ज्यांच्या घरी रोख रक्कम तयार आहे त्यांनी पैसे पाठवण्याबद्दलचा भाग तेवढा वाचावा. बाकीच्यांनी सगळं वाचा, आणि वडिलांना वाचायला देऊन मोकळे होऊ नका. कर्जदार म्हणून पहिलं नाव तुमचं असतं.

पुढच्या सप्टेंबरला कोर्स सुरू व्हायचा असेल तर यंदाच्या दिवाळीत घरात विषय काढा. दिवाळीतच का? चुलते, आत्या, मुंबईचे काका तेव्हाच एका छपराखाली असतात, आणि वाटणी न झालेलं घर तारण द्यायचं तर सही त्यांचीच लागते. फोनवर हा विषय निघत नाही. निघालाच तर वाकडा निघतो. वारस नोंद करायची म्हणजे तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कुणी हरकत घेतली तर पुढचं काहीच सांगता येत नाही. हक्कसोडपत्र करायचं ठरलं तर सगळ्या हक्कदारांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हजर करावं लागतं. जूनमध्ये ऑफर लेटर हातात घेऊन याला सुरुवात केलीत तर ऑगस्टची फी हुकणार, हे मी कागदावर लिहून देते.

तारण म्हणून काय चालतं, काय चालत नाही

"मॅडम, आठ एकर बागायत आहे, सगळा ऊस." हे वाक्य मी किती बापांच्या तोंडून ऐकलं असेल. आठ एकरांची किंमत कोटीत असेल, पण शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण साधं आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळतो, आणि तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून आठ एकरांच्या मालकाला बँक नाही म्हणते आणि कराडात वन-बीएचके असलेल्या क्लार्कला हो म्हणते. यात अपमान मानू नका. फ्लॅट कुणाचा आहे ते शोधा. मामाचा असेल आणि मामा जामीनदार व्हायला तयार असेल तर तोही चालतो.

गावठाणातल्या घराचं दुखणं वेगळं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही, आणि बँकेच्या पॅनेलवरचा वकील तिथेच पेन खाली ठेवतो. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं देताहेत. तुमच्या गावाचं मोजमाप झालं असेल तर ते पत्रक आधी काढून घ्या. प्लॉट असेल तर बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट हवा. गुंठेवारीतला प्लॉट नियमित केल्याचा दाखला नसेल तर त्या प्लॉटचा विचार सोडलेला बरा.

फ्लॅटवर आधीचं गृहकर्ज चालू असेल तरी लगेच हात झटकू नका. बरंचसं फिटलं असेल तर त्याच बँकेत त्याच फ्लॅटवर शैक्षणिक कर्जाचा बोजा वाढवून मिळू शकतो. म्हणून पहिली चौकशी गृहकर्जाच्या शाखेत करा. मुदत ठेव, एनएससी आणि एलआयसी पॉलिसीही तारण म्हणून चालतात. फक्त पॉलिसीचं सरेंडर मूल्य, म्हणजे ती आज मोडली तर हाती येईल ती रक्कम, धरतात, पॉलिसीवर छापलेली रक्कम नाही. हा आकडा ऐकून पुष्कळांचे चेहरे पडतात.

वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो. मधलं एखादं खरेदीखत हरवलं असेल तर त्याची नक्कल आणि सूची दोन नोंदणी कार्यालयातून आत्ताच काढा. आणि नावं तपासा. आपल्याकडे हा घोळ हटकून असतो: खरेदीखतात आई सुनंदा, आधारवर सुनिता, मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, त्यातून पासपोर्टमध्ये वडिलांचं नाव कधी आहे तर कधी नाही. काही ठिकाणी प्रतिज्ञापत्रावर भागतं, काही ठिकाणी राजपत्रात नाव छापून आणावं लागतं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं कर्जाच्या अर्जावर आणि विद्यापीठाच्या अर्जावर लिहा, स्वल्पविरामाचाही फरक नको.

ज्यांच्याकडे तारण नाहीच, त्यांच्यासाठी. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज केंद्राच्या पतहमी निधीत बसतं आणि त्याला तारण लागत नाही. जर्मनीतल्या बिनफीच्या सरकारी विद्यापीठासाठी एवढ्यात थोडंफार काम होतं. इंग्लंड-अमेरिकेसाठी काहीच होत नाही. त्यावरच्या रकमेला काही सरकारी बँका निवडक नामांकित विद्यापीठांची यादी ठेवतात, त्या यादीतल्या प्रवेशाला विनातारण देतात. अर्ज करण्याआधी ती यादी मागून घ्या, कारण विद्यापीठ निवडताना ती उपयोगी पडते. उरलेला रस्ता खासगी वित्तसंस्थांचा. त्या झटपट देतात, पण दर चढा, प्रक्रिया शुल्क कर्जाच्या टक्क्यांत, आणि शिकत असतानाच थोडंफार व्याज भरावं लागतं. वाईट आहेत असं नाही. पण सरकारी बँकेने लेखी नकार दिल्यानंतर तिकडे जा, शाखेतल्या शिपायाने "होणार नाही" म्हटल्यावर नव्हे.

एक गैरसमज सध्या जोरात आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. विद्यालक्ष्मी नावाचं जुनं पोर्टल त्याआधीचं, अनेक बँकांकडे अर्ज करण्यासाठी काढलेलं. नावाच्या सारखेपणावर विसंबून बसू नका.

सिबिल फक्त तुमचं नाही

तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल, कोरं असतं. बघतात ते सहकर्जदाराचं, म्हणजे बहुतेक वेळा वडिलांचं. वडील कधीकाळी गावातल्या कुणाला जामीन राहिले असतील आणि त्याने हप्ते थकवले असतील, तर ते यांच्या नावावर दिसू शकतं. पीककर्ज तडजोडीत मिटवलं असेल तर तिथे 'सेटल्ड' असा शेरा असतो, आणि लोकांना वाटतं मिटलं म्हणजे स्वच्छ झालं. तसं नसतं. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आत्ता काढा, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा, खरंच थकबाकी असेल तर भरून नाहरकत दाखला घ्या.

शेतकरी घरांत दुसरी अडचण आयकर विवरणाची. शेती उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरण भरलेलंच नसतं, आणि बँक मागते दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. कारखान्याची ऊसबिलं, डेअरीची दूधबिलं, ज्यात ती जमा होतात त्या खात्याचा उतारा, एवढं जोडलं तर शाखाधिकारी निदान फाईल उघडतो. नोकरदार बहीण किंवा भाऊ सहकर्जदार म्हणून सोबत असेल तर फाईल पुढेही सरकते. फक्त त्या बहिणीला आधी सांगा की यानंतर तिच्या स्वतःच्या गृहकर्जाच्या पात्रतेवर याचा परिणाम होईल. लग्न ठरत असताना हे कळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

घरात बसून करायचा हिशेब

परदेशी शिक्षणाच्या कर्जात साधारण १५ टक्के वाटा तुमचा असतो, त्याला मार्जिन म्हणतात. तो एकदम दाखवावा लागत नाही, वर्षागणिक टप्प्याटप्प्याने घालता येतो. शिष्यवृत्तीही त्यात धरतात. विद्यापीठाला तुम्ही आधीच भरलेली डिपॉझिट धरायला लावायची तर पावती हवी. ती मित्राच्या कार्डावरून भरली असेल तर वाद होतो. स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यातूनच भरा.

आता व्याज. समजा ३० लाख उचलले आणि दर १० टक्के. कोर्स दोन वर्षांचा, त्यापुढे एक वर्ष सवलतीचं. या तीन वर्षांत हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालू असतं, सरळव्याजाने. वर्षाला ३ लाख, तीन वर्षांत ९ लाख. म्हणजे पहिला हप्ता येतो तेव्हा डोक्यावर ३९ लाख असतात, आणि दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता बसतो सुमारे ५१,५०० रुपये. घरच्यांनी तेच २५,००० रुपये व्याज दरमहा भरत नेलं तर मुद्दल ३० लाखांवरच राहतं आणि हप्ता सुमारे ३९,६५०. महिन्याला बारा हजारांचा फरक, आणि तो दहा वर्षं. प्रत्यक्षात कर्ज टप्प्याने उचललं जातं म्हणून सुरुवातीचं व्याज याहून कमी असतं, पण हिशेबाची चाल हीच. काही बँका शिकत असताना नियमित व्याज भरणाऱ्याला दरात १ टक्का सूट देतात. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. पूर्ण व्याज झेपत नसेल तर अर्धं भरा.

हप्ता पेलेल का हे तिकडचा पगार धरून ठरवू नका. इकडे परत यावं लागलं, पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरी लागली, तर त्या पगारातून हा हप्ता जाईल का ते बघा. हा प्रश्न जेवताना विचारला की घर गप्प होतं. होऊ दे. परदेशात नोकरीचा परवाना किती काळ मिळेल, तिथलं सरकार काय नियम बदलेल, हे तुमच्या हातात नाही. कर्जाचा आकडा आहे. ३९ लाख बघून छातीत धस्स झालं तर एक वर्षाचा कोर्स, स्वस्त शहर किंवा दुसरा देश बघायला अजून वेळ असतो. दिवाळीत बसा म्हणते ते यासाठीही.

कर्ज रुपयात असतं, फी डॉलरात किंवा पौंडात. वर्षाला २०,००० पौंड फी असेल आणि पौंड पाच रुपयांनी चढला तर एक लाख रुपये वाढले. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने धरून कर्ज मागणारे दुसऱ्या वर्षी सोनं गहाण टाकायला येतात. मंजुरी थोडी जास्त रकमेची घ्या. न उचललेल्या रकमेवर व्याज लागत नाही. आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक दंड घेऊ शकत नाही, म्हणून कालावधी लांब घ्यायला घाबरू नका. पंधरा वर्षांचा घ्या, आठ वर्षांत फेडा.

व्याजावर आयकरात सूट मिळते, ८०-ई म्हणून सगळे ओळखतात ती. फक्त व्याजावर, व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं, आणि जुनी करपद्धत घेतली तरच. पतसंस्थेचं किंवा नातेवाइकांकडचं कर्ज तिच्यात बसत नाही.

शिष्यवृत्तीकडे पाठ फिरवू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजासाठी सारथीची आहे, इतर मागासवर्गीयांसाठी शिष्यवृत्ती आणि महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. सगळीकडे उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद लागतात, तेही दिवाळीतच बघा. कुठल्याही समाजाच्या मुलाला अर्ज करता येईल असा १८९२ सालापासून चालत आलेला जे. एन. टाटा एंडोमेंट आहे, के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आहे. मात्र कुठलेही पैसे विद्यापीठाच्या तारखेला येतील असं धरून चालू नका, कर्जाची फाईल सोबत चालवा. आणि अटी वाचा. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले तेव्हा बडोदा संस्थानाने महिना साडेअकरा पौंड दिले, पण त्यालाही करार होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

सँक्शन लेटर हातात आल्यावर

ते तिथेच, काउंटरवर उभं राहून वाचा. रक्कम, दर, तो कशाला जोडलेला आहे, सवलतीचा काळ कोर्स संपल्यापासून किती. मग खर्चाची यादी बघा: फी, राहणं, विमान तिकीट, लॅपटॉप, विमा, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. मोघम 'शैक्षणिक खर्च' लिहिलं असेल तर पुढचा अधिकारी विमान तिकिटाला नाही म्हणू शकतो.

जर्मनीला जाणाऱ्यांनी ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम नावानिशी घालून घ्यावी. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, आधीच त्या खात्यात भरावे लागतात. ही फी नसते, राहण्याखाण्याचा खर्च असतो, आणि तो एकरकमी आगाऊ का द्यायचा हे लहान गावातल्या शाखेला समजावण्यात तुमचे पंधरा दिवस जातात. जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरची माहिती छापून सोबत न्या.

इंग्लंडला जाणाऱ्यांनी एक वाक्य शोधा. स्वतःचे पैसे दाखवले तर ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. शैक्षणिक कर्ज दाखवलं तर ही अट नाही. पण पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं हवं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने हवं, आणि व्हिसा मिळणं सोडून पैसे देण्याला दुसरी अट नको. आपल्या बँकांच्या छापील पत्रात मात्र 'तारण पूर्ण झाल्यानंतर' असं हमखास असतं. म्हणून तारणाचं काम, म्हणजे मूळ कागद जमा करणं, स्टँप ड्युटी, नोंदणी कार्यालयातली गहाणाची सूचना, हे आधी उरका आणि मग व्हिसासाठी वेगळं पत्र मागा. शाखाधिकारी म्हणेल, आमचा फॉर्मॅट असाच आहे. ब्रिटिश सरकारच्या नियमाची प्रत पुढे ठेवा आणि खुर्चीतून उठू नका.

कर्जासोबत विमा विकला जातो. "घ्यावाच लागतो" असं सांगितलं जातं. मीही त्या खुर्चीत बसलेली आहे, वरून टार्गेट असतं. पण विमा सक्तीचा नाही. तुमच्या नावे टर्म विमा असावा हे मला पटतं, कारण मागे राहिलेल्या आईबापांवर कर्ज पडू नये. तो बाहेरून स्वस्तात मिळतो का ते आधी बघा. हजारोंचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळून त्यावर पुढची दहा वर्षं व्याज भरायला माझा विरोध आहे.

पैसे पाठवताना

फी बँक थेट विद्यापीठाला पाठवते. त्या दिवशीचा विक्रीचा भाव विचारा आणि बाजारभावाशी ताडून पहा. फरक पाच-दहा पैशांचा नसतो, रुपयाच्या वर जातो, आणि मोठ्या रकमेवर घासाघीस चालते. अर्जात शुल्क कोण भरणार असा रकाना असतो: तिथे 'ओयूआर', म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं, हे निवडा. नाहीतर मधली बँक पंधरा-वीस डॉलर कापून घेते, विद्यापीठाकडे तेवढे कमी पोहोचतात आणि नोंदणी अडकते. विद्यार्थी क्रमांक संदेशाच्या रकान्यात घातलाय का हे तुम्ही स्वतः पहा.

कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवताना वर्षाला माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून त्या वर्षीचा विचारून घ्या. ही रक्कम बुडत नाही, विवरण भरलं की करातून वळती होते किंवा परत मिळते. फक्त ज्याच्या पॅनवर कापली त्याने विवरण भरायला हवं. बारा लाख आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून सहा-सहा पाठवले तर प्रश्नच येत नाही.

निघण्याच्या आठवड्यात

पुढच्या टप्प्याचे पैसे सुटायला दर वेळी मार्कशीट, फीची मागणी आणि तुमची सही लागते. विमानात बसण्याआधी आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करा आणि शाखेत नोंदवून घ्या. तिकडून करायचं तर वकिलातीत जाऊन साक्षांकन करावं लागतं, वेळ आणि पैसे दोन्ही जातात. तारणाच्या मूळ कागदांची बँकेने दिलेली पोच, मंजुरीपत्र आणि करारनाम्याची प्रत स्कॅन करून घरच्या एकाला आणि स्वतःला मेल करा. कर्जं बघणाऱ्या अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होतेच, मग नव्याला सगळं पहिल्यापासून दाखवावं लागतं.

आणि सिम. कर्जखात्याचे ओटीपी भारतातल्या नंबरवर येतात. ते कार्ड बंद पडू देऊ नका, आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून न्या, रिचार्जची जबाबदारी धाकट्या भावंडावर टाका. बापाच्या मोबाईलवर बँकेचं अ‍ॅप घालून हप्ता कसा बघायचा ते दोनदा दाखवा. एकदा तुम्ही करून दाखवा, दुसऱ्यांदा त्यांना स्वतःला करू द्या.